बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधली फोर्कलिफ्ट आणि कोड 36

सांगली-मिरज परिसरातल्या एका कोल्ड स्टोरेजमधलं हे प्रकरण. तिथला मुख्य माल बेदाणा. तासगाव, कवठेमहांकाळ, जत आणि पार नागज-जुनोनी पट्ट्यातल्या शेडवरून 15 किलोच्या बॉक्समधला बेदाणा येतो आणि एप्रिल महिन्यात डॉकवरची गाड्यांची रांग हटत नाही. चेंबर 4 अंशांच्या आसपास, बाहेर दुपारी 38-39. या दोन तापमानांमध्ये दिवसभर ये-जा करणारी फोर्कलिफ्ट एकच: 2 टनी, 48 व्होल्टची, लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर चालणारी. चाकांना एसी मोटर, आणि चाकांची मोटर नि माल उचलणारा हायड्रॉलिक पंप यांचे कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारे इलेक्ट्रॉनिक डबे) वेगवेगळे. भर सीझनमध्ये ती चालता चालता झटका मारून थांबायला लागली.

पॅलेटवर 60 बॉक्स म्हणजे 900 किलो. एवढा भार फोर्कवर असताना मशीन अचानक थांबलं तर वरचे बॉक्स पुढे सरकतात, आणि डॉकवर पुढे हमाल उभे असतात. त्यामुळे पहिल्या दिवशी मी मालकांना एकच सांगितलं: कारण सापडेपर्यंत भार जमिनीपासून वीतभरापेक्षा वर घेऊन मशीन हलवायचं नाही, आणि रॅकच्या वरच्या मजल्याचं काम थांबवायचं. सीझनमध्ये हे सांगणं कुणालाच रुचत नाही. त्यांनी ऐकलं.

तक्रार आणि आधी झालेलं काम

डिस्प्लेवर बिघाडाचे तीन आकडे, म्हणजे कोड, आलटून पालटून यायचे: 36, 47 आणि 23. मशीनच्या पुस्तकात 36 समोर एन्कोडर असं लिहिलेलं होतं, म्हणून आधीच्या मेकॅनिकने मोटर उतरवून सेन्सर बेअरिंग बदललं. या मोटरमध्ये वेग मोजणारा सेन्सर, म्हणजेच एन्कोडर, बेअरिंगमध्येच असतो, त्यामुळे सेन्सर बदलायचा म्हणजे मोटर खोलायची. खर्च झाला, माल अडकला. नंतर आठ दिवस मशीन बिनतक्रार चाललं आणि पुन्हा 36. दरम्यान 23 वाढला. त्याच्यासमोर अंडरव्होल्टेज, म्हणजे व्होल्टेज कमी पडणं, म्हणून बॅटरी गेली असं ठरलं आणि नव्या बॅटरीचं काही लाखांचं कोटेशन टेबलावर आलं. मालकांनी मला बोलावलं ते या टप्प्यावर. त्यांना एवढंच विचारायचं होतं: बॅटरी घेऊ का?

कोड हा कंट्रोलरचा जबाब असतो. त्याच्या पिनेवर त्याला काय दिसलं तेवढं तो सांगतो. कोणता भाग बिघडला हे तो सांगत नाही, कारण ते त्याला माहीतच नसतं. एन्कोडरचा सिग्नल तुटला असं त्याला दिसलं, तर सेन्सर मेला, वायर तुटली, पिन सडली की कनेक्टरमध्ये पाणी गेलं, या सगळ्याला त्याच्याकडे आकडा एकच. पुस्तकातला शब्द वाचून पार्ट मागवण्याची सवय आपल्याकडे फार पसरली आहे आणि तिची किंमत मालक मोजतो. सेन्सर बेअरिंग बदलणाऱ्या मेकॅनिकचं काम नीट होतं. बेअरिंग प्रेसवर व्यवस्थित बसवलेलं होतं, मोटरचा आवाज स्वच्छ होता. फक्त सेन्सर आणि कंट्रोलर यांच्यामधला रस्ता कुणी तपासला नव्हता.

ऑपरेटर मामा या मशीनवर कित्येक सीझन काढलेले. मी मीटर काढायच्या आधी त्यांच्याशी बोललो.

“आत चेंबरात कायबी हुत न्हाय साहेब. भाईर येतंय, गाडीत माल लावंस्तोवर दोन-तीन मिन्टं डॉकवर थांबतंय, आन् परत निगालो की धक्का मारतंय आन् गप्प. किल्ली फिरवली की परत चालू.”

“रोज होतं का, मामा?”

“रोज न्हाय. परवा वळीव झाला बगा, त्या रातीला लई तरास दिला.”

अर्धा तपास इथेच झाला. आत होत नाही, बाहेर आल्यावर लगेच होत नाही, थोडा वेळ थांबल्यावर होतं, आणि पावसानंतर जास्त होतं. हे वागणं पाण्याचं आहे. बेअरिंग मोडलं असतं तर ते आत-बाहेर बघून मोडलं नसतं.

कोड नक्की कुणाचा

आधी एक गोष्ट पक्की करावी लागते: डिस्प्लेवरचा आकडा कोणत्या कंट्रोलरकडून आला? या मशीनवर ट्रॅक्शन (चाकांच्या मोटरचा) आणि पंप असे दोन कंट्रोलर, दोघांच्या यादीत बरेच आकडे सारखे. डिस्प्ले फक्त 36 दाखवतो, कुणाचा ते सांगत नाही. म्हणून मागचं कव्हर काढून थेट कंट्रोलरवरचे दिवे बघितले. लाल दिवा एकदा लुकलुकतो म्हणजे आता पहिला अंक येणार. मग पिवळा तीनदा. लाल दोनदा म्हणजे आता दुसरा अंक. मग पिवळा सहादा. छत्तीस, आणि तो ट्रॅक्शन कंट्रोलरवर. पंपाचा कंट्रोलर स्वच्छ होता.

ऑपरेटरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोडची एक यादी फिरत होती, ती वेगळ्याच मशीनची होती. एका कंपनीचा 36 आणि दुसऱ्या कंपनीचा 36 यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. कंट्रोलर एकाच कंपनीचा असला तरी मशीन बनवणारा आपले कोड त्यात घालू शकतो. यादी त्याच मशीनच्या, त्याच मॉडेलच्या पुस्तकातली हवी.

प्रोग्रॅमर (कंट्रोलरमधले आकडे वाचायचं यंत्र) लावून फॉल्ट हिस्टरी, म्हणजे आलेल्या कोडची नोंद, उघडली, मोबाइलवर तिचा फोटो घेतला आणि मगच ती पुसली. बरेच जण आधी पुसतात आणि मग शोधायला लागतात. जुना इतिहास पुसल्याशिवाय नवीन कोड कोणत्या क्रमाने येतात ते कळत नाही हे खरं, पण फोटोशिवाय पुसला तर हातातला पुरावा जातो.

47 चा उलगडा लगेच झाला. तो क्रम चुकल्याचा कोड आहे: अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना किंवा दिशेचा लिव्हर पुढे-मागे टाकलेला असताना किल्ली चालू केली, तर मशीन एकदम सुटू नये म्हणून कंट्रोलर चालायला नकार देतो. मशीन 36 मारून थांबलं की मामा घाईत पाय तसाच ठेवून किल्ली फिरवायचे, म्हणून मागून 47 यायचा. बिघाड कुठलाच नव्हता, तो 36 चं शेपूट होता. पाय काढा, लिव्हर न्यूट्रलला आणा, मग किल्ली फिरवा, एवढं सांगितल्यावर 47 परत दिसला नाही.

उरले 36 आणि 23. दोन्ही एकाच कारणातून येत असतील असं गृहीत धरायचा मोह होतो, कारण व्होल्टेज पडलं तर सेन्सरचा पुरवठाही डळमळू शकतो. पण हिस्टरी पुसल्यानंतर दिसलं ते असं: 23 संध्याकाळी यायचा, बॅटरी निम्म्याच्या खाली गेल्यावर आणि भरलेलं पॅलेट उचलून रॅम्प चढताना. 36 सकाळी पूर्ण चार्जवरही यायचा, रिकामं मशीन सपाट डॉकवर चालताना. दोघांची वेळ वेगळी, जागा वेगळी. म्हणून दोन्ही स्वतंत्र धरले.

23: बॅटरीवर आलेला आळ

48 व्होल्टची बॅटरी म्हणजे 2 व्होल्टचे 24 सेल. पूर्ण चार्ज करून, थोडा वेळ थांबून, हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधल्या आम्लाची घनता घेतली. बहुतेक सेल 1.270 ते 1.280 च्या दरम्यान. 17 नंबरचा सेल 1.250. तो मागे आहे हे खरं, पण नवी बॅटरी घ्यावी असं हे चित्र नव्हतं.

नुसती उभ्या मशीनची घनता आणि व्होल्टेज बघून अंडरव्होल्टेजचा निकाल लावता येत नाही. भार देताना मोजावं लागतं, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी: बॅटरीच्या टर्मिनलवर आणि कंट्रोलरच्या बी-प्लस, बी-मायनसवर, म्हणजे बॅटरीच्या केबल जिथे येतात त्या टोकांवर. संध्याकाळी, तक्रार येते त्याच वेळी, भरलेलं पॅलेट घेऊन मामांना रॅम्पवर चढायला लावलं. दोन मीटर लावलेले, करंटसाठी डीसी क्लॅम्प मीटर. करंट 200 अँपिअरच्या जरा वर गेला तेव्हा बॅटरीवर 44.3 व्होल्ट होते आणि कंट्रोलरवर 40.6.

बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत जेमतेम काही फूट केबल. त्यात 3.7 व्होल्ट जातात कुठे? 200 अँपिअरला 3.7 व्होल्ट म्हणजे 740 वॅट उष्णता, कुठेतरी एका जागी. मल्टिमीटरच्या एका टोकाने कंट्रोलरची बी-प्लस धरून दुसरं टोक एकेका जोडावर ठेवत बॅटरीकडे मागे गेलो. केबलच्या लगवर (टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडावर) काही नाही. फ्यूजवर नगण्य. मेन कॉन्टॅक्टरवर, म्हणजे मुख्य स्विचवर, नगण्य. बॅटरी प्लगच्या एका बाजूला मीटर 0.1 दाखवत होता, दुसऱ्या बाजूला थेट साडेतीन. प्लगला हात लावला तर चटका बसेल इतका तापलेला.

मशीन थांबवून, फोर्क जमिनीला टेकवून, हँडब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून प्लग काढला. कंट्रोलरच्या आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले असतात, म्हणून ते आधी हॉर्नच्या कॉइलवर उतरवून घेतले. बोटातली अंगठी आणि हातातलं घड्याळ ही कामं सुरू करायच्या आधीच खिशात गेलेली असावीत. ट्रॅक्शन बॅटरीला पाना आडवा लागला तर पान्याचा तुकडा उडतो, बोटाची काय कथा.

प्लगच्या लाल बाजूचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं. आतला कॉन्टॅक्ट काळा, आणि त्याला दाबून धरणारी स्प्रिंग उष्णतेने ताण सोडून बसली होती. चार्जिंगला लावताना रोज एकदा तरी प्लग काढायचा, लावायचा, आणि बऱ्याचदा केबलला धरून ओढायचा. त्यात कॉन्टॅक्ट सैल होतो, सैल झाला की तापतो, तापला की आणखी सैल होतो. कंट्रोलरला 40 व्होल्ट दिसले, या मशीनच्या सेटिंगप्रमाणे 41 च्या खाली ताकद कापायची असते, त्याने कापली आणि 23 लिहिला. त्याचं म्हणणं खरंच होतं. पण बॅटरीवर आलेला आळ खोटा होता.

दोन्ही बाजूंचे कॉन्टॅक्ट बदलले, केबलचं टोक कापून नवीन तांब्यावर हायड्रॉलिक टूलने क्रिंप केलं. पक्कड आणि हातोडीने दाबलेला कॉन्टॅक्ट दिसायला सारखाच दिसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तापतो. त्याच रॅम्पवर, तेवढाच भार, तेवढाच करंट: फरक 0.4 व्होल्ट. 23 गेला, आणि बॅटरीचं कोटेशन फाइलला लागलं.

36: चेंबरमधून बाहेर

आता मूळ दुखणं. या बेअरिंग सेन्सरला चार वायरी: 12 व्होल्टचा पुरवठा, ग्राउंड, आणि ए नि बी असे दोन सिग्नल. मोटरच्या एका फेऱ्याला प्रत्येक सिग्नलवर 64 पल्स. मोटर मिनिटाला 3000 फेरे फिरत असेल तर सेकंदाला 50 फेरे, म्हणजे 3200 पल्स. दोन सिग्नल एकमेकांपासून पाव पल्स मागेपुढे असतात, त्यावरून कंट्रोलरला वेगाबरोबर दिशाही कळते. एसी मोटरच्या कंट्रोलरला रोटरचा वेग नेमका कळला नाही तर फेज करंट कसा द्यायचा हेच त्याला ठरवता येत नाही. म्हणून सिग्नल क्षणभर तुटला तरी तो मोटर सोडून देतो. तोच झटका.

सकाळी शेडमध्ये, कोरड्या मशीनवर, प्रोग्रॅमरच्या स्क्रीनवर मोटरचा आरपीएम (मिनिटाला फेरे) बघितला. आकडा एकदम गुळगुळीत चढायचा-उतरायचा. या अवस्थेत कितीही मोजलं असतं तरी काही सापडलं नसतं, आणि आधीच्या मेकॅनिकला सापडलं नाही ते याचमुळे. ज्या हवेत, ज्या वेळी मशीन बिघडतं, त्या हवेत मोजावं लागतं. म्हणून मशीन चेंबरमध्ये तासभर उभं केलं, लोखंड पुरतं थंड होऊ दिलं, आणि मग बाहेर डॉकवर आणलं.

थंड स्टीलच्या पेल्यावर पाणी सुटतं तसंच हे. आकडे बघा: 38 अंशांच्या कोरड्या दुपारी, हवेत 25 टक्के आर्द्रता असतानासुद्धा दवबिंदू (ज्या तापमानाखाली हवेतल्या वाफेचं पाणी होतं ते) साधारण 15 अंश असतो. चेंबरमधून आलेलं लोखंड 5-6 अंशांवर. म्हणजे सांगलीच्या रखरखीत एप्रिलमध्येही त्यावर पाणी सुटणारच. वळीव झाल्यावर 28 अंश आणि 75 टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू 23 च्या आसपास जातो, आणि मग मास्टवरून (फोर्क वर-खाली नेणाऱ्या खांबांवरून) ओघळ येतात. मामा म्हणाले ते त्रासाचं वेळापत्रक या दोन आकड्यांतून तंतोतंत निघतं. आत पाणी सुटत नाही, कारण आतली हवा आणि लोखंड सारखंच थंड. बाहेर येताक्षणीही काही नाही. दोन-तीन मिनिटांत दव साचून ओघळायला लागतो, तेव्हा गडबड.

डॉकवर पाच मिनिटं उभं ठेवून मामांना हळू चालवायला सांगितलं, मी शेजारून प्रोग्रॅमर धरून चाललो. स्क्रीनवर आरपीएम 400, 410, 0, 405, पुन्हा 0. मशीनने झटका मारला, 36 आला.

मग जागेवरच मोजणी. एका बाजूचं पुढचं चाक जॅकवर घेऊन खाली लाकडी ठोकळे दिले, दुसरं चाक जमिनीवरच ठेवून अडवलं. हे मुद्दाम सांगतो, कारण दोन्ही चाकं उचलून एक हाताने फिरवलं तर डिफरन्शियलमुळे दुसरं उलटं फिरतं आणि मोटर जागची हलत नाही. किल्ली चालू, लिव्हर न्यूट्रल, सीटवर कुणी नाही. कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक प्रोब आत सरकवले आणि चाक अगदी केसभर हलवत राहिलो, कारण गिअरमुळे चाकाच्या एका फेऱ्यात शेकडो पल्स जातात आणि भरभर फिरवलं तर मीटर नुसती सरासरी दाखवतो.

ए सिग्नल: वर 11.8 व्होल्ट, खाली 0.4. ठीक.

बी सिग्नल: वर 8.2, खाली 1.9.

वर चढताना अर्धवट, उतरताना अर्धवट. मशीन उन्हात अर्धा तास ठेवून हाच कनेक्टर पुन्हा मोजला तेव्हा वरचा आकडा सुधारून 11.6 झाला, खालचा मात्र 1.7 वरच राहिला. म्हणजे दोष दोन होते. वरचं व्होल्टेज पाणी खात होतं: ओल्या कनेक्टरमधून सिग्नल ग्राउंडकडे झिरपत होता. खालचं व्होल्टेज अडत होतं पिनेतल्या रोधामुळे, आणि तो कोरड्यातही होता. एकटा कोणताच दोष मशीन थांबवायला पुरेसा नव्हता. कोरड्यात फक्त पिनेचा रोध असायचा, कंट्रोलर सांभाळून घ्यायचा. ओल्यात दोन्ही एकत्र आले की बी सिग्नलची वर-खाली झेप इतकी लहान व्हायची की कंट्रोलरला ती झेप वाटायचीच नाही.

कनेक्टर उघडल्यावर

प्लग काढून दोन्ही अर्धे उघडले. मोटरकडच्या अर्ध्यात पिना नव्या कोऱ्या, चकचकीत, कारण त्या नव्या बेअरिंगबरोबर आलेल्या. हार्नेसकडच्या (कंट्रोलरकडे जाणाऱ्या वायरींच्या) अर्ध्यात बी च्या पिनेभोवती हिरवट पूड. भिंगातून बघितल्यावर पिनेची पकडही सैल झालेली दिसली. आणि त्याच खाचेत वायरभोवती असायला हवं ते रबरी सील नव्हतंच. बाकी तीन वायरींना होतं. वायर कधीतरी कापून जोडलेली, पिन बदललेली, आणि सील घालायचं राहिलेलं. ही जोडणी जुनी होती, सेन्सर बदलण्याच्या कितीतरी आधीची.

आठ दिवस मशीन का चाललं हेही इथे कळलं. नवी पिन जुन्या सॉकेटमध्ये घुसताना हिरवी पूड खरवडली गेली आणि तेवढ्यापुरता संपर्क चांगला झाला. पुन्हा ओल, पुन्हा पूड, पुन्हा 36. पार्ट बदलल्यावर बिघाड जातो, याचा अर्थ पार्टच बिघडला होता असा होत नाही. तो बदलताना आपण आणखी काय काय हलवलं, काय काढून परत लावलं, हे बघायला हवं.

वायरिंगची वाटही चुकलेली. मास्टच्या मागून येणारी केबल सरळ उतरत थेट या कनेक्टरमध्ये जात होती, आणि कनेक्टर तिच्या सगळ्यात खालच्या जागी. मास्टवर सुटलेलं दव केबलच्या अंगावरून घरंगळत नेमकं सील नसलेल्या खाचेत जात होतं.

आणखी एक शक्यता तपासून बाजूला केली. बॅटरीच्या झाकणांवर अ‍ॅसिडची ओल होती, आणि तिच्यातून बॅटरी चासिसला (मशीनच्या लोखंडी सांगाड्याला) झिरपत असेल तर सेन्सरच्या वायरीत गोंधळ होऊ शकतो. बॅटरी मशीनपासून तोडून प्लस आणि पत्र्याची पेटी यांच्यात मीटर लावला तर 31 व्होल्ट. मीटरचा स्वतःचा रोध प्रचंड असतो, त्यामुळे नुसत्या या आकड्याने घाबरायचं कारण नाही. मीटरला समांतर 1000 ओहमचा, 5 वॅटचा रेझिस्टर लावला तसा आकडा 2 व्होल्टवर आला. हिशेब केला तर झिरपण्याच्या वाटेचा रोध 14-15 हजार ओहम. वापरातल्या ट्रॅक्शन बॅटरीला दर व्होल्टमागे 50 ओहम, म्हणजे 48 व्होल्टला 2400 ओहम ही खालची मर्यादा धरतात. आपण तिच्या बरेच वर होतो. तरी झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने वरचा भाग धुतला, साध्या पाण्याने पुसला, कोरडा केला. सोड्याचं पाणी सेलमध्ये एक थेंबही जाता कामा नये.

दुरुस्ती आणि खात्री

सील असलेला नवीन चार पिनी कनेक्टर, दोन्ही अर्धे. प्रत्येक वायरला तिच्या जाडीचं सील, पिना योग्य टूलने क्रिंप केलेल्या. केबलची वाट बदलून कनेक्टर वरच्या ब्रॅकेटवर घेतला आणि कनेक्टरमध्ये शिरण्याआधी केबलला खाली एक झोका दिला, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी येऊन टपकेल, वर चढून आत जाणार नाही. मोटरच्या जाड फेज केबलपासून सेन्सरची केबल लांब नेली. पूर्वी दोन्ही एकाच टायमध्ये बांधलेल्या होत्या. सामानाचा सगळा खर्च बॅटरीच्या कोटेशनच्या मानाने किरकोळ.

त्यानंतर परीक्षा त्याच परिस्थितीत: चेंबरमध्ये तासभर, बाहेर डॉकवर, पाच मिनिटं उभं, मग चालवणं. बी सिग्नल वर 11.8, खाली 0.4. वरून पाण्याचा फवाराही मारला. आरपीएमचा आकडा एकदाही शून्याला शिवला नाही. त्या आठवड्यात मिरजेकडून एक जोराचा वळीव येऊन गेला, त्या रात्रीची गाडी मामांनी एकही झटका न बसता भरली. मग रॅकच्या वरच्या मजल्याचं काम पुन्हा सुरू करायला मी हो म्हटलं.

वापरात दोन बदल करून घेतले. जेवणाच्या सुट्टीत मशीन चेंबरमध्ये सावलीला म्हणून उभं करायची पद्धत होती, ती बंद. आत तास-दीड तास उभं राहिलेलं मशीन बाहेर आलं की त्याच्यावर सगळ्यात जास्त दव सुटतं. आत जाऊन पॅलेट ठेवून लगेच बाहेर येणारं मशीन तितकं थंडच होत नाही. आणि प्लग काढताना केबल ओढायची नाही, प्लगचं हँडल धरायचं. हँडल तुटलेलं होतं, ते बसवून दिलं.

मशीनच्या खिडकीशी एक वही टांगली आहे. कोड आला की मामा चार गोष्टी लिहितात: आकडा, वेळ, मशीन आत होतं की बाहेर, फोर्कवर माल होता की नाही. त्यांचं अक्षर मोठं आणि स्वच्छ आहे, वाचायला सोपं जातं.

17 नंबरच्या सेलचं काम अजून शिल्लक आहे. इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल एका पातळीवर आणणारं जास्तीचं चार्जिंग) दिल्यावर त्याची घनता 1.250 वरून 1.262 झाली. सीझनची गर्दी ओसरली की पुन्हा एकदा सगळ्या सेलची घनता घ्यायची, आणि तो तेव्हाही मागेच राहिला तर तेवढा एक सेल बदलायचा असं मालकांशी ठरलं आहे.